तुटलेला निरोप

बदलीवर बंगळुरास आलेल्या मराठी माणसाला ह्या शहराचा म्हणून जो इतिहास पहिल्या दोन-चार महिन्यांत ऐकावयास मिळतो, त्यात विजेच्या दिव्यांची हकीकत बहुधा असतेच. ५ ऑगस्ट १९०५ रोजी, आज जेथे कृष्णराजेंद्र मार्केट उभे आहे त्या परिसरात, रस्त्यावरचे विजेचे दिवे प्रथम लागले. ही वीज कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून आली. दिवाण शेषाद्री अय्यर ह्यांच्या कारकिर्दीत हाती घेतलेले ते वीजगृह १९०२ साली सुरू झाले. पण ते मुळी शहरासाठी उभारलेले नव्हते. सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून ती वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे नेण्यात आली. सोन्याची सोय आधी झाली, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाची तीन वर्षांनी.

विजेचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर असे धबधबे, खांब आणि दिवेच येतात. परंतु ह्या शक्तीचा आणखी एक इतिहास आहे आणि तो वीजगृहांच्या इतिहासाहून शंभर वर्षांनी तरी जुना आहे. तो माणसाच्या स्नायूंतून वाहतो. ह्याच शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात सकाळच्या वेळी गेल्यास त्या इतिहासाचे चालू पान वाचावयास मिळते. तिशीच्या आतला एखादा तरुण खाटेवर पडलेला असतो. इमारतीच्या परांचीवरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात त्याचा कणा मोडलेला असतो. त्याच्या मांडीवर दोन चिकट पट्ट्या बसवून यंत्राचे बटण फिरवले जाते, आणि कित्येक महिने न हललेला पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ होतो. उशाशी उभ्या असलेल्या आईच्या तोंडून आपोआप उद्गार निघतो: पाय हलला! मुलगा मात्र त्या पायाकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावे तसा पाहत असतो. कारण पाय हलल्याचे त्याला डोळ्यांनी कळलेले असते, आतून काहीच कळलेले नसते.

पाय हलला, ह्याचा अर्थ काय? आईच्या मनात जो अर्थ उमटतो तो खरा की मुलाच्या नजरेत दिसतो तो? वैद्यकशास्त्राला ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यास दीडशे-दोनशे वर्षे लागली. वाटेत त्याने दोन मोठ्या चुका केल्या: एकदा फार लवकर हात टेकले, आणि एकदा फार लवकर हात वर करून विजयाची घोषणा केली. त्या दोन चुकांची आणि त्यांच्यामधून निघालेल्या वाटेची ही कथा आहे.

आधी शरीराची रचना थोडी पाहू. सरकारी चाकरीत आयुष्य घालवणाऱ्या आपणांस ती समजावयास कठीण नाही. मेंदू हे मुख्यालय. कण्याच्या पोकळीतून खाली जाणारा मज्जारज्जू हा तेथून निघालेला तारमार्ग. त्या मार्गावर जिल्ह्याच्या कचेऱ्या असाव्यात तशा ठिकठिकाणी मज्जापेशी असतात. वरचा हुकूम त्या घेतात आणि आपल्या तंतूंवाटे स्नायूंपर्यंत पोचवतात. कणा मोडून मज्जारज्जू चिरडला गेला म्हणजे हा तारमार्ग मध्येच तुटतो. मुख्यालय शाबूत असते. तुटलेल्या जागेच्या खालच्या कचेऱ्याही बहुतांशी शाबूत असतात. कारकून जागेवर आहेत, कागद आणि शाई आहे. फक्त वरचा हुकूम येत नाही आणि खालची हकीकत वर जात नाही. विजेचा प्रवाह करतो तो एवढेच की मुख्यालयाला वगळून, कचेरीतून स्नायूकडे जाणाऱ्या तंतूवर तो बाहेरून थाप मारतो. स्नायू ती थाप ऐकतो आणि आकसतो.

काम होते, पण मुख्यालयाची शिस्त त्यात नसते. मेंदू स्नायूच्या तंतूंना पाळीपाळीने, आधी लहान व न थकणारे आणि मग मोठे व जोरकस, असे कामास लावतो. वीज मात्र हाताशी सापडतील त्या सर्वांना एकदम जुंपते. म्हणून विजेने हललेला स्नायू लवकर थकतो. आणि हुकूम मुळात रोग्याच्या इच्छेचा नसल्यामुळे यंत्र बंद झाले की पाय पुन्हा पूर्वीसारखा पडतो.

आता पहिल्या चुकीकडे वळू. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ईजिप्तमधील लक्सर येथे पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. ख्रिस्तपूर्व सोळाशेच्या सुमारास, त्याहूनही जुन्या ग्रंथावरून उतरून घेतलेली ती शल्यवैद्याची पोथी निघाली. जेम्स ब्रेस्टेड ह्या पंडिताने तिचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या आणि मूत्रावरील ताबा गेलेल्या माणसाचे वर्णन तीत इतके नेमके आहे की आजच्या डॉक्टरनेही मान डोलवावी. त्या वर्णनाखाली वैद्याचा निर्णय आहे तो असा की हा आजार उपचार करण्याजोगा नाही.

हा शेरा पुढे जवळजवळ साडेतीन हजार वर्षे कोणी खोडला नाही. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुसंख्य सैनिक थोड्याच काळात दगावले. आणि ते कण्याच्या जखमेने नव्हे, तर एका कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातील दोषाने. म्हणजे मृत्यूचे कारण दुखापत हे नव्हते, दुर्लक्ष हे होते. फाइलीवर 'पुढील कार्यवाही नको' असा शेरा पडला की ती फाइल कशी धूळ खाते हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

दुसरी चूक विजेच्या शोधाबरोबर जन्मली. बोलोन्याच्या लुइजी गाल्वानी ह्याने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने आखडतात हे पाहिले आणि १७९१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पुतण्या जोव्हानी आल्दीनी ह्याने १८०३ साली लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेताला विद्युत्प्रवाह लावून दाखवला. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला, मूठ वळली. पाहणाऱ्यांना वाटले की मेलेला माणूस आता उठून बसतो. तो उठला नाही, हे सांगावयास नकोच. पण 'हालचाल म्हणजे जीव' ही समजूत मात्र त्या दिवसांपासून माणसांच्या मनात घर करून बसली, आणि पुढे विजेचे पट्टे व पेट्या विकणाऱ्यांनी तिच्यावर पैसाही केला.

ह्या गोंधळातून शास्त्र बाहेर काढले ते एकोणिसाव्या शतकातील धिम्या संशोधकांनी. फॅरेडेने १८३१ साली विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला, आणि त्या तत्त्वावरील यंत्रातून निघणारे क्षणिक झटके डॉक्टरांच्या हाती आले. पॅरिसच्या द्यूशेन ह्याने एकेका स्नायूवर नेमका प्रवाह सोडून कोणता स्नायू काय काम करतो ह्याचा नकाशाच तयार केला. त्याचा ग्रंथ १८५५ सालचा. पुढे जर्मनीत एर्ब ह्याने १८६८ साली महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. ज्या स्नायूचा मज्जातंतूच मेला आहे तो क्षणिक झटक्यांना उत्तर देत नाही, फक्त दीर्घ प्रवाहाला आणि तेही आळसटल्यासारखे उत्तर देतो. म्हणजे वीज ही उपचाराच्या आधी परीक्षेचे साधन ठरली. कचेरी बंद पडली आहे की केवळ तार तुटली आहे, हे ती सांगू लागली.

हा भेद वरवर पाहता बारीक वाटतो. पण आपल्या देशात त्याने हजारो घरांतील आशा-निराशेचा निकाल लावला आहे. विसाव्या शतकात आपल्याकडे लहान मुलांना पांगळे करणारा मुख्य रोग पोलिओ होता. त्या काळी अशा मुलांना 'विजेचा शेक' देण्यासाठी खांद्यावर घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारे आईबाप कोणी पाहिले नाहीत? परंतु पोलिओत तार तुटत नाही, मज्जारज्जूतील कचेरीच जळून जाते. जेथे काही पेशी वाचल्या असतील तेथे व्यायामाने लाभ होई. बाकीच्या ठिकाणी शेक देऊन पाय परत येत नसे. बंगळुरात ही गोष्ट स्वतःच्या अनुभवाने जाणणाऱ्या एका स्त्रीने निराळा मार्ग धरला. स्वतः पोलिओने अपंग झालेल्या श्रीमती एन. एस. हेमा ह्यांनी १९५९ साली येथे अपंगांसाठी संस्था स्थापन केली. आज 'असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेने पाय परत आणण्याची वाट पाहत न बसता शिक्षण, हातांना काम आणि स्वतःच्या पायांवर नव्हे तरी स्वतःच्या बळावर जगणे ह्यांवर भर दिला. पोलिओ आता आपल्या देशातून गेला. २०१४ साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. पण कणा मोडलेल्यांचा प्रश्न उरला, आणि वाढत्या इमारती व वाढती वाहने ह्यांमुळे तो ह्या शहरात रोज डोळ्यांसमोर येतो.

त्या प्रश्नावरचा ईजिप्तचा शेरा शेवटी ज्याने खोडला त्याचे नाव लुडविग गुटमन. जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथील हा ज्यू मज्जातज्ज्ञ नाझी राजवटीमुळे १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयास आला. ऑक्सफर्ड येथे त्याने अर्न्स्ट गुटमन ह्या दुसऱ्या संशोधकाबरोबर, मज्जातंतू तुटलेल्या सशांच्या स्नायूंना नियमित विद्युत्प्रवाह दिल्यास त्यांचे झिजणे बरेच रोखता येते, हे प्रयोगांनी दाखवले. हे निबंध १९४२ आणि १९४४ सालचे आहेत. म्हणजे विजेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा ह्या दोहोंशी त्याचा जवळून परिचय होता.

फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मॅन्डेव्हिल येथे कणा मोडलेल्या सैनिकांचा २६ खाटांचा विभाग त्याच्याकडे सोपवण्यात आला. तेथे त्याने काय केले? विजेचा चमत्कार केला नाही. रोग्याला दर दोन तासांनी, रात्री-बेरात्रीही, कूस बदलवायची. मूत्राशय निर्जंतुक रीतीने रिकामे करायचे. शक्य तितक्या लवकर उठवून बसवायचे. आणि मग कामाला व खेळाला लावायचे. एवढ्या साध्या, कंटाळवाण्या आणि न चुकवता पाळायच्या नियमांनी माणसे मरेनाशी झाली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्याने चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो.

माणूस जगू लागल्यावरच विजेला खरे काम मिळाले, आणि ह्या क्रमातच सगळ्या कथेचे मर्म आहे. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ ह्यांनी मांडीच्या व कुल्ल्याच्या स्नायूंना प्रवाह देऊन पांगळ्या झालेल्या माणसाला काही मिनिटे उभे केले. पुढच्याच वर्षी लिबरसन ह्यांनी अर्धांगवायूच्या रोग्याच्या बुटात, टाच उचलताच चालू होणारे बटण बसवून फरफटणारे पाऊल योग्य क्षणी वर उचलवले. येथे वीज प्रथमच नुसती हालचाल न करवता उपयोगाची हालचाल करवू लागली. मग युगोस्लाव्हियातील ल्युब्ल्यानाच्या संशोधकांनी ही विद्या पुढे नेली. १९८३ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात जेरोल्ड पेट्रोफ्स्की ह्यांच्या यंत्राच्या आणि आधार देणाऱ्या हातांच्या साहाय्याने नॅन डेव्हिस ही विद्यार्थिनी पदवी घेण्यासाठी काही पावले चालत गेली. साऱ्या जगाने ते चित्र पाहिले आणि पुन्हा एकदा तोच उद्गार निघाला: पाय हलला!

परंतु पदवीदान समारंभातील चार पावले वेगळी आणि रोज सकाळी कचेरी गाठण्याची पावले वेगळी. विजेने चालताना स्नायू लवकर थकत, शक्ती फार खर्च होई, आणि चाकाच्या खुर्चीने पाच मिनिटांत तुटणारे अंतर तोडण्यास कितीतरी अधिक वेळ लागे. त्याहून बोलकी कथा हाताच्या यंत्राची आहे. मान मोडून हातांची पकड गेलेल्यांसाठी शरीरात बसवायचे एक यंत्र १९९७ साली अमेरिकेत मान्य झाले. दोनशेहून अधिक माणसे त्याच्या बळावर पेला आणि पेन धरू लागली. २००१ साली ते तयार करणारी कंपनी बाजारातून बाहेर पडली. यंत्र उत्तम होते, गिऱ्हाईक थोडे होते. सोन्याच्या खाणीला आधी वीज मिळते आणि रस्त्याला मागाहून, हा नियम कोलारपुरता नसतो.

आज ह्या विद्येचे मान्य स्थान काय आहे? यंत्राच्या तालावर पायांनी फिरवायची सायकल पुनर्वसन केंद्रांत वापरली जाते. तिच्यामुळे मांड्यांचे स्नायू भरतात आणि रक्ताभिसरण सुधारते. मज्जारज्जू अर्धवटच तुटला असेल तेथे, रोग्याच्या स्वतःच्या प्रयत्नाला जोड म्हणून दिलेला प्रवाह उरलेली वाट रुळवण्यास मदत करू शकतो. २०११ नंतर लुइव्हिल आणि लोझान येथील संशोधकांनी खुद्द मज्जारज्जूच्या आवरणावर विजेच्या पट्ट्या बसवून काही निवडक रोग्यांत स्वेच्छेने हालचाल घडवली. डिसेंबर २०२४ मध्ये हातांच्या शक्तीसाठी मानेवर बाहेरून लावायच्या अशा एका यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. ही आशा खोटी नाही. पण ती दक्षतेने बाळगावयाची आहे. संवेदना नसलेली कातडी प्रवाहाने भाजली तरी रोग्याला कळत नाही. वर्षानुवर्षे भार न पेललेली हाडे ठिसूळ होतात आणि जोराच्या आकुंचनाने मोडू शकतात. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत असल्यास रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. म्हणून बाजारातून पेटी आणून घरी प्रयोग करण्याचा हा विषय नव्हे.

गुटमनने दाखवलेली वाट आपल्या देशात कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. बंगळुराहून काही तासांच्या अंतरावर असलेल्या वेल्लोरला १९५४ साली मेरी वर्गीस ह्या तरुण डॉक्टर मोटार अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या, आणि १९६६ साली तेथे पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. पुण्याजवळ खडकीला १९७४ साली कणा मोडलेल्या जवानांसाठी केंद्र निघाले. त्याच वर्षी बंगळुरात, १९५४ पासून चाललेली मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था आणि जुने सरकारी मनोरुग्णालय ह्यांचे एकीकरण होऊन आजची निम्हान्स संस्था झाली. मज्जासंस्थेच्या रोग्यांच्या पुनर्वसनाचे काम तेथेही चालते.

ह्या सर्वांत आपल्या मुलखाचे म्हणून एक नाव घेतलेच पाहिजे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे म्हणून नावारूपास येत होते. १९६५ च्या युद्धात ते गोळ्यांनी जबर जखमी झाले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. पाण्यात मात्र पायांवाचून अडत नाही. ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक स्पर्धेतील असे पदक त्या वेळेपर्यंत कोणाही भारतीयाला ऑलिंपिकमध्ये किंवा पॅरालिंपिकमध्ये मिळालेले नव्हते. पाय पुन्हा चालू लागले म्हणून हे घडले नाही. जे शाबूत होते त्याला पुरते काम मिळाले म्हणून घडले. आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पदक आणि पद्मश्री ह्यांमध्ये ४६ वर्षे गेली. पाण्यातील ५० मीटर ३७ सेकंदांत तुटले. दप्तरातील अंतर तोडण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

येथे ही कथा आपल्या टेबलापाशी येऊन पोचते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येणार नाही, असे १९९५ च्या कायद्याने ठरवले. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाने तेच कायम ठेवले: मूळ पदाचे काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे; तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. अपंग कर्मचाऱ्यांच्या नेमणुका व बदल्यांबद्दल धोरण आखण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. हे सर्व आपणांपैकी अनेकांनी वाचलेले असेल. पण तो कर्मचारी तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत येणार कसा, त्याची खुर्ची स्वच्छतागृहाच्या दारातून आत जाते की नाही, बदलीच्या गावी त्याला उपचार मिळतात की नाही, हे प्रश्न कलमाच्या मजकुरात सुटत नाहीत. ते टिपणी लिहिणाऱ्याच्या हाताने सुटतात किंवा अडतात. गुटमनच्या विभागात दर दोन तासांनी कूस बदलणारी परिचारिका जे काम करी, त्याच जातीचे हे काम आहे. त्यात चमत्कार नाही, पण त्याच्यावाचून माणूस तगत नाही.

त्या पुनर्वसन विभागातील आईकडे आता परत जाऊ. तिला सांगावे तरी काय? पाय हलला म्हणजे मुलगा उद्या चालेल, असे सांगणे ही आल्दीनीच्या प्रेक्षकांची चूक. पाय हलून उपयोग काय, असे म्हणणे ही ईजिप्तच्या वैद्याची चूक. खरे उत्तर ह्या दोहोंच्या मधले आहे. पाय हलला ह्याचा अर्थ एवढाच की वरून हुकूम येत नसला तरी खाली अजून कोणीतरी कामावर हजर आहे. त्याला रोज थोडे काम द्यावे, त्याची निगा राखावी, आणि त्या मुलाच्या हातांना, डोक्याला व दिवसाला जे करता येण्याजोगे आहे ते त्याच्यापुढे ठेवावे. हजर असलेल्याच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा मारण्याची घाई कोणी करू नये. डॉक्टरने स्नायूच्या बाबतीत करू नये, आणि आपण माणसाच्या बाबतीत तर मुळीच करू नये.